सोबतच्या माणसाचं तिकीट

दिव्यांगांच्या निरामय आरोग्य विम्याचे कागद आज घेणार होतो, ते पुढच्या रविवारी. दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न मला सोडवेना. मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, प्रमाणपत्रावर 60 टक्के. आठवड्यातून दोनदा थेरपीला अमरावती. त्या लिहितात, "भाऊ, लेकराले घेऊन मी गेली का अर्धं तिकीट लागते, अन् त्याचे बाबा गेले का पुरं. हे काहून? सोबतचं माणूस तं सारखंच नं!"

कंडक्टरची यात काही चूक नाही. एसटीत 40 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असलेल्याला तिकिटात 75 टक्के सूट मिळते. सोबत्यालाही 50 टक्के सूट आहे, पण प्रमाणपत्रावरचा आकडा 65 किंवा त्याहून जास्त असेल तरच. ताईंचा मुलगा 60 वर अडकला, म्हणून बापाला सूट नाही. आईचं तिकीट अर्धं होतं त्याचं कारण वेगळंच आहे. मार्च 2023पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. मुलाला कडेवर घेतलं म्हणून तिला काही मिळत नाही, ती बाई आहे म्हणून मिळतं. अन् सहा वर्षांचं, मान न धरणारं लेकरू एकटं अमरावतीला जाईल, असं टक्क्यांचे नियम करणाऱ्यालाही वाटत नसावं.

या एका नियमाने घरातला निर्णय परस्पर होऊन जातो. न्यायचं कोणी? जिचं तिकीट स्वस्त, तिनं. शिवाय शेतात बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी, म्हणजे तिचा दिवस बुडाला तर नुकसानही कमी, असा हिशेब नवरा-बायको दोघं मिळून करतात. दोघांचंही चुकत नाही. पण दिवाळीनंतर कापूस फुटला की हा हिशेब उलटा होतो. वेचणी किलोवर असते आणि वेचणाऱ्या बायाच. त्या दिवसांत घरात रोख येते ती तिच्या हातून. वऱ्हाडातल्या कुठल्याही थेरपिस्टला विचारा, नोव्हेंबर-डिसेंबरात लेकरं गळतात. थेरपिस्ट वहीत 'पालक उदासीन' असं लिहितात. मला त्या शेऱ्याचा राग येतो.

आता आकडे मांडू. बुडालेल्या दिवसाची किंमत काय धरायची? सरकारने स्वतः मान्य केलेला आकडा घेऊ. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26चा दर 312 रुपये. आठवड्याला दोन खेपा म्हणजे महिन्याला आठ दिवस. आठ गुणिले 312 बरोबर 2,496.

ऑक्टोबर 2025पासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला 2,500 मिळतात. त्याआधी 1,500 होते. जून 2025मध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा त्यांची मागणी 6,000ची होती आणि मुंबईत काहींना ती अवाच्या सवा वाटली. ताईंच्या घरात मात्र आजचं पूर्ण अनुदान सोबतच्या माणसाच्या मजुरीतच जिरतं, चार रुपये उरतात. त्यातून तिकीट काढायचं, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत ऑटो करायचा (ऑटोवाला टक्के विचारत नाही, सूटही देत नाही) आणि मिरगीची गोळी घ्यायची. तेही अनुदान मिळालं तर. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. 312च्या दराने एकाच माणसाने 161 दिवस काम केलं की ती ओलांडली.

निरामयचं एक कलम आजच सांगून टाकतो. एक लाखाच्या त्या विम्यात प्रवासासाठी वर्षाला हजार रुपये आहेत. ताईंच्या वर्षाला 104 खेपा होतात. खेपेला दहा रुपयेही पडत नाहीत, आणि तेसुद्धा आधी खिशातून घालून मग मागायचे.

सोबतचं माणूस कायद्याला दिसलेलंच नाही असंही नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता अशी स्पष्ट तरतूद आहे. त्याच कलमाच्या सुरुवातीला मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पाचर मारून ठेवली आहे. केरळने आश्वासकिरणम योजनेत काळजी घेणाऱ्याला महिन्याला 600 रुपये लावले. रक्कम फार नाही, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे. आपल्याकडे समग्र शिक्षा अभियानात प्रवास भत्त्याबरोबर मदतनीस भत्ताही आहे, तो फक्त शाळेत जाण्यापुरता. तेच लेकरू शाळेऐवजी दवाखान्यात निघालं की मदतनीस कागदावरून गायब!

ब्रिटनची गोष्ट मला फार आवडते. तिथे 1976मध्ये काळजी घेणाऱ्यांसाठी असा भत्ता सुरू झाला, पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितांना त्यातून वगळलं होतं. त्या तशाही घरीच असणार, मग बुडतं काय, हा विचार. आजारी आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत नेलं. 1986मध्ये निकालाच्या आदल्या दिवशी सरकार नमलं. 'ती तशीही घरीच असते' हे वाक्य मी अकोल्यात शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, वेचणीच्या ऐन हंगामात.

तर ताई, बापाच्या तिकिटासाठी टक्के वाढवून घेण्याच्या नादी लागू नका. पोराची अवस्था बदलली असेल तर फेरतपासणी जरूर मागा, पण पाच टक्क्यांसाठी नको, त्याच्या पायी आणखी दोन-तीन खेपा जातील. त्यापेक्षा थेरपिस्टला दोन दिवसांचं एका दिवसात बसतं का ते विचारा. बसत नसेल तर घरी करायचे व्यायाम लिहून घ्या, हातात हात धरून शिकून घ्या. एक खेप वाचली तर महिन्याला चार मजुऱ्या वाचतात. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंत फी नाही. दर्यापूरकरांना अमरावतीसारखी अकोल्याचीही वाट आहे, तिकडेही चौकशी करा. अन् बाबांना एकदा तरी सोबत न्या, तिकीट पुरं पडलं तरी. व्यायाम दोघांनाही यायला हवेत, म्हणजे वेचणीच्या दिवसांत ते घरी बाबा करून घेतील.

पुढच्या रविवारी निरामयच. तोवर दवाखान्याची मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी फेकू नका.