हजार काड्यांचा दिवस

आमच्या बडोद्यात सायंकाळी देवापुढे उदबत्ती न लागणारे मराठी घर विरळाच. माझ्या गाण्याच्या शिकवणीचा आरंभही तिनेच होतो. परंतु ती काडी कोणाच्या हातून येते, याचा विचार चाळिशी उलटेपर्यंत माझ्या मनास शिवला नव्हता. तो करायला लावला एका विद्यार्थिनीने; किंबहुना मी तिच्यावर केलेल्या अन्यायाने.

मुलगी अकरा वर्षांची. कान तयार, लयीला पक्की. पण बोटे सदैव काळी. पेटी माझ्या वडिलांची. तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवर डाग दिसू लागले, तेव्हा एके दिवशी मी सर्वांदेखत म्हणालो, "हात धुऊन येत जा!" दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. अखेर एका रविवारी पत्ता शोधीत मी सकाळीच तिच्या घरी गेलो, आणि दिवेलागणीपर्यंत तेथेच बसलो.

जळगावाकडून पोटासाठी आलेले ते कुटुंब. पत्र्याची एक खोली. बाप हमालीला गेलेला. आजी, आई आणि ही मुलगी पाटांपुढे बसलेल्या. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट सालीची भुकटी पाण्यात मळून केलेला काळा मसाला. त्याची गोळी बांबूच्या काडीला लावून ती तळव्याखाली पाटावर फिरवायची, की उदबत्ती वळली. सुगंध पुढे कारखान्यात चढतो. या खोलीत दरवळ नव्हता. होती ती नुसती काळी पूड, अगदी भाकरीच्या परातीवरसुद्धा.

तिघींच्या तळव्यांचा आवाज एकसारखा येत होता. माझ्यातल्या मास्तराला राहवले नाही. मी म्हणालो, "काय सुरेख लय आहे हो!"

आईने मान वर केली नाही. "लय कसली, मास्तर? मोजतोय आम्ही. मधे बोललं की चुकतं."

मी गप्प झालो. मजुरी हजारावर. वाकडी, जाड वा तुटकी काडी ठेकेदार बाजूला काढतो. तिचे पैसे नाहीत. पावसाळ्यात काड्या वाळत नाहीत, म्हणून कामही अडते. नळाला पाणी आले की आई उठते, चूल पेटली की आजी उठते. तेवढ्या वेळात हजाराचा आकडा मुलीने पुढे न्यायचा. तिच्या गाण्याचा तास कोठून काढला जात होता, हे मला तेव्हा कळले.

घरबसल्या राबणाऱ्या अशा बायांना कामगार म्हणायलाच पूर्वी कोणी तयार नसे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभारली, तेव्हा यांचा मालक कोण, असा प्रश्न काढून सरकारी खात्याने आधी नोंदणीच नाकारली होती. त्याच बायांपैकी सुमारे ४,००० जणींनी दहा-दहा रुपये घालून १९७४ साली स्वतःची बँक काढली.

निघताना मी मुलीची क्षमा मागितली. आई संकोचून म्हणाली, "साबणानं जात नाही हो ते. तुमची पेटी खराब होईल."

आता तिचा तास रात्री आठला, हजार पुरे झाल्यावर असतो. पेटीपाशी मी एक ओले फडके ठेवले आहे. पट्ट्या मीच पुसतो.

एवढ्याने काही कोणाचे दारिद्र्य फिटत नाही. परंतु पुडा विकत घेताना, यातले वळणाऱ्या हाताला काय पोचले, एवढे तरी आपण दुकानात विचारावे.