व्हेनिसला मुक्काम हवा

युरोपच्या ठरावीक सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. बोटीने सॅन मार्को चौक गाठायचा, काचकामाचं प्रात्यक्षिक बघायचं, अर्धा तास गोंडोलात बसायचं, बॅसिलिकेसमोर फोटो काढायचे, की संध्याकाळच्या आत सगळे पुन्हा बसमध्ये. मुलं मार्गी लागल्यावर आम्ही दोघंच पहिल्यांदा युरोपला निघालो, तेव्हा पाच देशांचा बेत बाजूला ठेवला आणि सगळी सुट्टी या एका शहराला दिली. तिथे राहून एक गोष्ट पक्की झाली. व्हेनिस उभं कसं राहिलं आणि आज चालतं कसं, हे कळायला लागलं की मगच ते खऱ्या अर्थाने दिसतं. त्यासाठी तिथे मुक्कामच करावा लागतो.

समुद्राला लागून असलेल्या उथळ खाजणात ११८ बेटं आणि त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, असं हे शहर आहे. मुख्य भूमीवरून रेल्वेचा पूल आला १८४६ साली आणि मोटारींचा १९३३ साली. मोटारी शहराच्या तोंडाशी येऊन थांबतात, त्यापुढे एकही मोटार जात नाही. सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, कचऱ्याची गाडी, इतकंच काय, अंत्ययात्राही पाण्यावरूनच. सकाळी लवकर रिआल्टो बाजाराच्या बाजूला गेलात तर भाजीच्या टोपल्या, सिमेंटची पोती, हॉटेलांच्या चादरी बोटींतून उतरताना दिसतात. तिथून पुढचा प्रवास हातगाड्यांवर. या हातगाड्या मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. मोठ्या चाकांच्या पुढे दोन लहान चाकं बसवलेली असतात. पुलाची पायरी आली की गाडीवाला ती लहान चाकं वरच्या पायरीवर टेकवतो, मागून रेटा देतो आणि गाडी एकेक पायरी चढत जाते. अकराच्या सुमारास गर्दी लोटते, त्याआधी ही मंडळी आपलं काम उरकून मोकळी होतात.

चिखलावर दगडी महाल उभे कसे राहिले? ओक, लार्च, ऑल्डर अशा झाडांचे खुंट चिखलात अगदी खेटून ठोकायचे, त्यांवर फळ्यांचा थर घालायचा, त्यावर इस्त्रिया प्रांतातला पाण्याला दाद न देणारा पांढरा दगड रचायचा आणि मग विटांच्या भिंती उचलायच्या. पाण्याखालच्या चिखलात हवा जवळजवळ नसल्याने लाकूड कुजण्याचा वेग फार मंदावतो, म्हणून शतकानुशतकं हे खुंट भार पेलत आहेत. १६३०च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी बांधलेल्या सांता मारिया देला सालूते या चर्चखाली दहा लाखांहून अधिक खुंट असल्याचं सांगतात. ग्रँड कॅनॉलच्या मुखाशी त्याचा घुमट बघताना हा पाया डोक्यात असला, तर बघण्यात फरक पडतो.

चहूकडे पाणी, पण सगळं खारट. मग लोक प्यायचे काय? याचं उत्तर प्रत्येक मोहल्ल्यातल्या चौकात आहे. चौकाच्या मधोमध कोरीव दगडी कठडा असतो, त्यावर लोखंडी झाकण. दिसायला विहीर, पण तिला जिवंत झरा नाही. चौकाची सगळी जमीन पाच-सहा मीटर खणून तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा लेप दिलेला, आत वाळू भरलेली आणि मध्ये विटांची पोकळ नळी. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांच्या दगडांतून खाली जायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि नळीत साठायचं. सगळा चौकच पाण्याची टाकी! एका चौकात आम्ही दोघं त्या कठड्याभोवती फिरून फरशीतले ते भोकांचे दगड शोधत होतो. कठड्याच्या चारही बाजूंना ते सापडले आणि जमिनीचा उतारही त्यांच्याकडेच वळलेला होता. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि हळूहळू या टाक्या निवृत्त झाल्या. आज शहरात जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली जवळ ठेवा, पाणी विकत घ्यायची गरज नाही.

गोंडोला हा असाच कारागिरीचा नमुना. साधारण अकरा मीटर लांब, आठ जातींच्या लाकडांच्या २८० तुकड्यांतून जुळवलेली ही होडी मुळातच वाकडी असते. तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते. नाविक एकटा, मागे उभा राहून एकाच बाजूने वल्हं मारतो. होडी सरळ बांधली तर गोलगोल फिरेल, म्हणून हा वाकडेपणा. वल्हं टेकवायचा आक्रोडाच्या लाकडाचा खुंटही असा वळणदार कोरलेला असतो, की त्याच्या निरनिराळ्या खाचांत वल्हं ठेवून पुढे, मागे, वळणावर, थांबण्यासाठी वेगवेगळा जोर लावता येतो. दिवसाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे आणि तो माणशी नसून होडीला आहे. पाच जणांपर्यंत बसता येतं. तेवढा खर्च नको असेल तर ग्रँड कॅनॉल ओलांडून देणाऱ्या ‘त्रागेत्तो’मध्ये बसा. तीही गोंडोलाचीच बहीण, एका फेरीला दोन युरो.

आता आपल्याशी असलेला धागा. मलबारची मिरी अरबी समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला जायची आणि तिथून व्हेनिसचे व्यापारी ती युरोपभर विकायचे. हे महाल, ही चर्चेस उभी राहिली त्यात या मसाल्याच्या पैशाचा मोठा वाटा. याच शहराच्या मार्को पोलोने आपल्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचं आणि तिथल्या बंदराचं वर्णन केलं आहे. मालाच्या बदल्यात हिंदुस्थानात यायचं ते सोनं. व्हेनिसने १२८४ साली पाडायला सुरुवात केलेलं डुकात हे सोन्याचं नाणं पाचशे वर्षं जवळपास त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं राहिलं, म्हणून आपल्या बाजारपेठांत त्यावर विश्वास होता. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, म्हणजे डोज, दुसऱ्या बाजूला उभा ख्रिस्त. या आकृत्यांमुळे पश्चिम भारतात ते ‘पुतळी’ म्हणून ओळखलं गेलं, सोनारांनी त्याच्या नकला केल्या आणि पुढे आकृत्या आपल्या देवादिकांच्या झाल्या. सॅन मार्को चौकातल्या कोर्रेर संग्रहालयात जुनी नाणी मांडलेली आहेत. तिथल्या काचेवर वाकून नवरा म्हणाला, “अगं, ही तर आईच्या माळेतली पुतळी!” १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि मिरीची वाट बदलू लागली. व्हेनिसचं प्रजासत्ताक मात्र १७९७ साली नेपोलियनपुढे शरण जाईपर्यंत टिकलं.

ज्या पाण्याने हे शहर राखलं, तेच आता त्याच्या मुळावर आलं आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचं पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ वर. खाजणाच्या तिन्ही मुखांशी आता ‘मोझे’ नावाची ७८ पोलादी दारं समुद्रतळाशी आडवी आहेत. एरवी ती पाण्याने भरलेली असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांत हवा भरतात, पाणी बाहेर पडतं आणि दारं वर उठून समुद्र अडवतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष भरती रोखली. समुद्राची पातळी वाढत राहिली तर ही दारं वरचेवर लावावी लागतील आणि तितका वेळ बंदरही बंद राहील.

दुसरा पूर पर्यटकांचा. १९५१ साली जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आज ते पन्नास हजारांच्याही खाली आले आहेत. रिआल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा आकडा विजेच्या अक्षरांत लावलेला असतो. तो बघून आम्ही दोघंही गप्प झालो. घरं पर्यटकांना भाड्याने जातात, किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान येतं. २०२१ साली मोठ्या क्रूझ जहाजांना सॅन मार्कोसमोरून जायची बंदी झाली. २०२४ पासून, ठरवलेल्या गर्दीच्या दिवशी नुसता दिवसभरासाठी येणाऱ्याला प्रवेशशुल्क भरावं लागतं. २०२५ साली ते आधी भरणाऱ्याला ५ युरो आणि आयत्या वेळी भरणाऱ्याला १० युरो होतं. मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे, कारण हॉटेलच्या बिलातून तो शहराचा कर भरतोच. सवलतीची नोंद मात्र ऑनलाइन करून ठेवावी.

म्हणून जाणाऱ्यांना काही गोष्टी सुचवते. मुक्काम शक्यतो जुन्या शहरातच करा, कान्नारेज्जो किंवा कास्तेल्लो भागात. सॅन मार्कोच्या मानाने तिथे गर्दी कमी आहे आणि अजून माणसं राहतात, शाळा सुटल्यावर मुलं चौकात चेंडू खेळतात. सामान कमी घ्या, कारण प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. पाणबसचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो पडतं, त्यापेक्षा दिवसांचा पास काढा आणि पहिल्याच संध्याकाळी एक नंबरच्या बोटीने सगळा ग्रँड कॅनॉल बघून घ्या. सॅन मार्को सकाळी आठच्या आत गाठा. फ्रारी चर्चमधलं तिशियनचं १५१८ सालचं भव्य चित्र आणि शेजारच्या सॅन रोक्को सभागृहातली तिंतोरेत्तोची चित्रं चुकवू नका. एक अख्खा दिवस मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो या बेटांसाठी ठेवा. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. पोलेंता, भाज्यांचा पास्ता, मटार घातलेला भात मिळतो, फक्त भातात मांसाचे तुकडे किंवा सूप आहे का, हे आधी विचारा. सॅन मार्को चौकात जमिनीवर बसून डबा उघडू नका, दंड होतो. एप्रिल आणि ऑक्टोबर हवेच्या दृष्टीने उत्तम.

शेवटी एकच विनंती. यादीतली दोन शहरं कमी करा आणि व्हेनिसला किमान तीन रात्री द्या. दिवसाची गर्दी ओसरल्यावरचं शहर तुमच्या वाट्याला येईल आणि तुमचा पैसा तिथे टिकून राहू पाहणाऱ्या बेकरीवाल्याच्या, भाजीवाल्याच्या हाती पडेल. या शहराला अशाच पाहुण्यांची गरज आहे.