अर्धवट राहिलेला कोड पुन्हा हाती घेताना

मे संपता संपता मालवण किनाऱ्यावर वारा सुटला की लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने विजेचे खांब पाडले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. समजा, आपण तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेसाठी खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर एआय सहाय्यकाच्या मदतीने लिहीत आहात आणि काम असंच मध्ये तुटलं. ते पुन्हा कसं जोडायचं, ते क्रमाने पाहू.

आधी कोडची स्थिती पाहा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली लिनस टॉरवल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केली. 'गिट स्टेटस' ही आज्ञा कोणत्या फायली बदलल्या ते सांगते, 'गिट डिफ' नेमक्या बदललेल्या ओळी दाखवते. मात्र गिटला अजून न सांगितलेली नवी फाइल 'डिफ'मध्ये येत नाही. ती 'स्टेटस'मध्येच सापडते.

मग डेटाबेस, म्हणजे बुकिंगची माहिती साठवण्याची जागा, वेगळा तपासा. सर्वाधिक घोळ इथेच होतो. कोड जुन्या अवस्थेत परत नेला तरी डेटाबेस आपोआप मागे जात नाही. उदाहरणार्थ, तक्त्यात आगाऊ रकमेचा रकाना वाढलेला असतो, पण फॉर्मला त्याचा पत्ताच नसतो.

आता सॉफ्टवेअर चालवून पाहा. एकच खोली त्याच तारखांना दोघांना मिळते का, हे स्वतः करून बघा.

त्यानंतर सहाय्यकाकडे वळा. त्याच्यापुढे जेवढा मजकूर असतो तेवढ्यावरच तो काम करतो. त्या मर्यादेला 'कॉन्टेक्स्ट विंडो' म्हणतात. क्लॉड कोडसारख्या, कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय साधनात जुनं संभाषण पुन्हा उघडता येतं, पण संभाषण फार लांबलं की जुन्या भागाचा सारांश होतो आणि बारकावे गळतात. मधल्या काळात आपण हाताने काही बदललं असेल, तर त्या संभाषणात फाइलची जुनीच प्रत असते. म्हणून फायली नव्याने वाचायला सांगा.

लगेच 'पुढे चालू कर' म्हणू नका. "काहीही न बदलता, काय पूर्ण आहे, काय अर्धवट आहे ते सांग," असं विचारा. उत्तर आपल्या निरीक्षणाशी ताडून पाहा. 'पूर्ण झालं' असं त्याने सांगितलेलं कामही चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण धरू नका.

जुळलं की एकच लहान काम द्या, तपासा आणि कमिट करा, म्हणजे गिटमध्ये त्या टप्प्याची नोंद करा. मगच पुढचं काम द्या.

उठण्यापूर्वी प्रकल्पातच एका फाइलमध्ये चार ओळी लिहा: काय झालं, काय राहिलं, कोणता निर्णय का घेतला, पुढचं पाऊल कोणतं. तीही कमिट करा आणि इंटरनेट असेपर्यंत सगळं दूरच्या सर्व्हरवर पाठवा. संगणक बिघडला तरी मग दुसऱ्या संगणकावर काम तिथूनच सुरू करता येतं.