धुळीचे ब्रिक्स आणि धुळीचा पोल

सभासद बंधूंनो,

दिवाळीनंतर डोंबिवलीला पुतणीकडे गेलो होतो. गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवले तर काळे. जावईबापू म्हणाले, "कारखान्यांची धूळ." शेजारी म्हणाले, "छे, गाड्यांची." बोटाकडे बघून हे ठरत नाही. २०१४ च्या जानेवारीत याच डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा निदान रंग तरी दिसला.

कल्याणला खडकपाड्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित केंद्र आहे. हवेत बारीक धूळ किती, ते तिथे कळते. हे झाले ब्रिक्स. रसात साखर किती हे जसे पोल काढल्याशिवाय समजत नाही, तसे धुळीत काय काय आहे यासाठी प्रयोगशाळाच लागते.

पंप तासाला एक घनमीटर हवा ओढतो. अडीच मायक्रॉनहून मोठे कण वाटेत गळतात, बारीक तेवढे फिल्टरवर बसतात. २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. तेवढी धूळ धरली तरी दिवसभरात जमते जेमतेम दीड मिलिग्रॅम, साखरेच्या एकदोन दाण्यांएवढी! एवढ्यावर सगळी तपासणी. एक तुकडा पाण्यात भिजवून ते पाणी आयन क्रोमॅटोग्राफच्या नळीतून सोडतात. सल्फेट, नायट्रेट, पोटॅशियम त्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. क्ष-किरणांनी लोखंड, जस्त, शिसे ओळखतात. तुकडा तापवून काजळी मोजतात. ६०० अंशांच्या तव्यावर कणांची वाफ करून काही मिनिटांत घटक सांगणारे यंत्रही आहे, पण काजळी आणि माती त्या तव्यावर उडत नाही. म्हणून फिल्टर सुटलेला नाही.

आता आपल्या कामाचे. पोटॅशियम म्हणजे आपण पोत्याने आणतो तो पालाश. पाचट पेटवले की त्यातला काही भाग धुराबरोबर जातो. पण पोटॅशियम फटाक्यांतही असते, म्हणून लेवोग्लुकोसान शोधतात. लाकूड, पालापाचोळा, पाचट जळतानाच हा पदार्थ तयार होतो, डिझेलच्या धुरात तो नसतो. धूर फडातला की चुलीतला हे मात्र त्यावरून कळत नाही; वाऱ्याची दिशा आणि तारीख जुळवावी लागते.

शहरवाले आपल्याकडे बोट दाखवतात, आपण त्यांच्या गाड्यांकडे. मागच्या गट बैठकीत एकाने विचारले, "साहेब, रात्री पेटवलं तर?" रात्री थंड हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जात नाही. आणि पंप रात्रीही चालूच असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी