माडाचे दोन भुंगे

मी कापड्याहून बोलतेय. आपल्याकडे श्रीवर्धनसारख्या नारळाच्या वाड्या नाहीत. परसात दोन-चार माड, तेवढंच. म्हणून एक माड गेला तरी घराला जाणवतं. आमच्या गटातल्या एका ताईंचा नुकताच धरू लागलेला माड शेंड्यातून कोलमडला. "भुंग्याने खाल्ला," सगळे म्हणाले. पण कुठल्या? भुंगे दोन आहेत. दोघांचं घर वेगळं, खाणं वेगळं.

पहिला गेंड्या भुंगा. काळा, डोक्यावर शिंग. त्याची पांढरी, जाड, वाकडी अळी शेणखत उकरताना आपण नेहमी बघतो. ती कुजलेलं शेण, पालापाचोळा, कुजकं खोड खाते, उभ्या माडाला काही करत नाही. माडावर रात्री जातो तो मोठा भुंगा. तो न उघडलेला कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते.

दुसरा सोंड्या भुंगा. तांबूस, पुढे लांब सोंड. त्याची मादी माडाच्या जखमेत अंडी घालते. अळीला पाय नसतात. ती खोडातच राहते आणि आतला गाभा खाते. खोडाच्या भोकातून तपकिरी रस, चावलेला भुसा, आंबूस वास आला, कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज आला, तर हाच समजा.

गेंड्याने मोठा माड सहसा मरत नाही, सोंड्याने मरतो. पण गेंड्याने केलेल्या जखमेतूनच सोंड्याला वाट मिळते. ताईंच्या माडाच्या झावळ्या आदल्या वर्षी कातरलेल्या होत्या. आम्ही बघितल्या आणि सोडून दिल्या. चूक तिथे झाली.

मग करायचं काय? गेंड्या वाढतो आपल्याच खतात, म्हणून सुरुवात तिथून. खत वरखाली करा, अळ्या वेचून कोंबड्यांना टाका. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्या रोगाने मरतात. शेंड्यातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढा. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात पाव किलो निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू भरा.

सोंड्यासाठी जखमा टाळा. चढायला खोडात खाचा पाडू नका. हिरवी झावळी तोडलीच तर मीटरभर देठ ठेवा. जखमेला डांबर लावा. रस दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना कळवा. मेलेला माड परसात पडू देऊ नका. फोडून जाळा, नाहीतर त्यात दोन्ही भुंगे वाढतील.

या आठवड्याच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपला खताचा खड्डा उकरून बघा, आणि मान वर करून माडाचा शेंडाही.