पोवळ्यांच्या ताटातला उजेड

संध्याकाळी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवरचे पांढरे दिवे मावळतात आणि फक्त निळे उरतात. खोलीतल्यांना वाटतं, अंधार पडला. पण काचेला नाक लावून पाहा. दिवसभर मातकट दिसलेलं बटणाएवढं पोवळं आता कैरीच्या सालीसारखं हिरवं पेटलेलं असतं, आणि त्याच्या शेजारचं झेंडूच्या रंगाचं. निळ्या उजेडात हा हिरवा आणि केशरी आला कुठून?

तो त्या जीवाच्या अंगात तयार होतो. त्याच्या पेशींत अशी प्रथिनं असतात, जी निळा प्रकाश गिळतात आणि तो हिरवा किंवा तांबडा करून परत फेकतात. डिस्कोसोमा हा अळंबीसारखा पसरणारा प्राणी हौशी लोकांच्या टाक्यांत नेहमी दिसतो. त्याच्यातल्या तांबड्या प्रथिनाचा शोध 1999 साली जाहीर झाला, आणि आज जिवंत पेशींमधलं काय कुठे चाललंय हे पाहायला शास्त्रज्ञ ते खुणेसारखं वापरतात.

ही रोषणाई डोळे दिपवते खरी, पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते या प्राण्यांच्या जेवणाचं. उथळ समुद्रातल्या बहुतेक पोवळ्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. शैवालाची एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आणि नखाएवढ्या जागेत अशा दहा लाख किंवा त्याहून जास्त! प्रकाशावर ही शैवालं साखर तयार करतात आणि त्यातली बरीचशी यजमानाला देतात. काही पोवळ्यांची ऊर्जेची नव्वद टक्के गरज त्यातूनच भागते. म्हणून टाकीवरचा दिवा म्हणजे वाढलेलं ताट आहे. नुसते मासेच पाळायचे असतील तर साधा दिवा पुरतो. पोवळी ठेवायची तर मात्र स्वयंपाकाचा विचार करावा लागतो.

आणि या स्वयंपाकात निळ्याला मान आहे. पाणी प्रकाश गाळून घेतं: तांबडा पहिल्या काही मीटरांतच विरतो, निळा सगळ्यात खोल जातो. लाखो वर्षं त्या निळ्यातच वाढलेल्या या शैवालांकडे हरितद्रव्याच्या जोडीला पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते निळा-हिरवा प्रकाश टिपतं. आपल्या डोळ्यांना मंद वाटणारा निळा दिवा त्यांच्यासाठी भरपेट जेवण असतं.

दिवा घेताना गफलत होते ती इथेच. खोक्यावर वॅट असतात, केल्व्हिन असतात. वॅट म्हणजे विजेचा खर्च, केल्व्हिन म्हणजे आपल्याला दिसणारी छटा. लक्स मोजावे, तर ते माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं, हिरव्याला झुकतं माप देणारं. शैवालाच्या कामाचं माप म्हणजे ‘पार’: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा 2000 मायक्रोमोलच्या आसपास जातो. मऊ पोवळ्यांना 50 ते 150 पुरतो, फांद्या फुटणाऱ्या कठीण पोवळ्यांना 200 ते 350 लागतो. एकाच टाकीत वरच्या दगडावर आणि तळाच्या वाळूवर आकडे फार वेगळे येतात, म्हणून भाड्याने का होईना, पार-मीटर आणून जागोजागी मोजावं आणि मगच कोणाला कुठे बसवायचं ते ठरवावं.

पूर्वी यासाठी मेटल हॅलाइडचे अडीचशे वॅटचे दिवे लावत. पाणी तापायचं, ते गार ठेवायला चिलर लागायचा. निळ्या एलईडीने हे चित्र पालटलं. तो घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. पण एलईडी जोरदार असतो, आणि नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावणं ही हौशी माणसाची नेहमीची चूक. प्रकाश झेपेना झाला की शैवालाच्या पेशीत विषारी ऑक्सिजन साठतो, पोवळं आपल्या पाहुण्यांना बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत वर न्यावं. प्रकाश कमी पडला तर उलट होतं: शैवालाची गर्दी वाढते आणि रंगीत पोवळं तपकिरी होतं. दिव्याच्या काचेवर साचणारं मीठही पुसत राहावं, ते गुपचूप उजेड खातं.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत, पण कठीण पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ती उचलणं गुन्हा आहे. ती तिथेच बघावीत.

पोवळ्यांना उजेडातून भूक भागवण्यापलीकडेही काही कळतं. निळा प्रकाश जाणणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं त्यांच्यात आढळली आहेत, आणि मंद चांदण्यालाही ती प्रतिसाद देतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातल्या ठरावीक पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत असंख्य पोवळी एकदम अंडी सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद टाक्यांवर दिव्यांनी सूर्याचा दिवस आणि चंद्राच्या कला उभ्या केल्या, पाण्याचं तापमानही ऋतूंप्रमाणे बदलत ठेवलं. ग्रेट बॅरियर रीफपासून हजारो मैल दूर, छताखालच्या त्या नकली चांदण्यात अ‍ॅक्रोपोरा या कठीण पोवळ्याच्या फांद्यांवर मोहरीच्या दाण्यांसारखे गुलाबी गोळे फुगून आले, आणि एकेक करत पाण्यात वर तरंगू लागले.