मुंबईच्या सागवानाची दोनशे वर्षं

१६ जून १८९७. इंग्लंडच्या ब्लॅकपूल किनाऱ्यावर वादळात एक जुनं लढाऊ जहाज फुटलं. ‘फूद्रोयां’ त्याचं नाव. एकेकाळी ॲडमिरल नेल्सनचं निशाण त्याच्यावर फडकत असे. जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाने ते जर्मन भंगारवाल्याकडून सोडवलं होतं, पदरच्या पैशाने डागडुजी केली होती आणि बंदराबंदरातून तो ते लोकांना दाखवत होता. ब्लॅकपूलच्या लाकडी लाइफबोटीने वरची माणसं आणि शिकाऊ पोरं वाचवली. जहाज गेलं. फुटक्या सांगाड्यातल्या तांब्याची पदकं पाडून विकली गेली, लाकडाच्या वस्तू झाल्या. कॉबने मात्र त्याच वर्षी मोडीत निघालेलं दुसरं जहाज विकत घेतलं. ते मुंबईत बांधलेलं होतं.

‘त्रिंकोमाली’ हे त्याचं मूळ नाव. १८१२मध्ये ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीकडे त्याची मागणी नोंदवली. आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज वाटेतच, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने संपवलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. अखेर एप्रिल १८१६मध्ये कणा बसला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ला जहाज पाण्यात उतरलं. मुख्य कारागीर होते जमशेटजी बोमनजी वाडिया. लवजी नसरवानजी १७३६मध्ये सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून या घराण्याकडे गोदीचं काम होतं.

लाकूड मलबारचं सागवान. इंग्लंडची जहाजं ओकची असत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, खिळ्याभोवतीचं लाकूड कुजतं. सागवानात अंगचं तेल असतं. ते लोखंडाला सांभाळतं आणि किडीलाही सहसा वाव देत नाही. इकडे बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या त्वरितादेवीच्या तलवाड्याला, समुद्र कोसो दूर आहे. पण सागवानाचं मोल कुणी शिकवावं लागत नाही. मराठवाड्यात जुनं माळवद उतरवलं, की माती टाकून देतात. तुळया आणि खांब मात्र भाव करून विकले जातात. घर गेलं तरी लाकूड जगतं. जहाजांचंही तेच झालं, आणि त्यातच मला या सगळ्या कथेचं दुःख दिसतं.

कारण मुंबईची बहुतेक जहाजं लाकूड म्हणूनच उरली. १८१५चं ‘वेलस्ली’ टेम्स नदीत शिकवणीचं जहाज झालं होतं; १९४०मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ते बुडालं आणि त्याच्या काही लाकडांचा लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीत उपयोग झाला. १८४२चा नानजिंगचा तह ज्याच्यावर झाला, ते ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचंच. तेही पुढे तोडलं गेलं.

‘त्रिंकोमाली’ वाचलं, कारण त्याला कुणी रिकामं बसू दिलं नाही. तसं सुरुवातीला ते बसलंच होतं: १८१९मध्ये इंग्लंडला पोहोचलं तेव्हा नेपोलियनची युद्धं संपलेली. वर छप्पर घालून ते पंचवीसएक वर्षं नांगरून ठेवलं. पुढे वेस्ट इंडीज, मग पॅसिफिक, मग राखीव खलाशांची कवायतशाळा; त्यातली बरीच वर्षं हार्टलपूलला. १८९७मध्ये कॉबने ते घेतलं, हरवलेल्या जहाजाचं ‘फूद्रोयां’ हेच नाव त्याला दिलं आणि त्यावर पोरांना समुद्राचे धडे द्यायला सुरुवात केली. १९३१मध्ये कॉब वारला. पोरं येतच राहिली, थेट १९८६पर्यंत. या जहाजाच्या शेजारी पोर्ट्समथला ‘इम्प्लॅकेबल’ नावाचं फ्रेंच बनावटीचं जहाज उभं असे, ट्रफाल्गरच्या लढाईतलं. त्याच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत. डिसेंबर १९४९मध्ये स्फोटकं लावून ते समुद्रात बुडवलं. दोघांची योग्यता सारखी होती. ब्रिटनने नंतर त्या बुडवण्याची खंत बाळगली आणि जुन्या जहाजांच्या जतनाची चळवळ त्यातूनच बळावली.

१९८७मध्ये ‘त्रिंकोमाली’ला तराफ्यावर चढवून पुन्हा हार्टलपूलला आणलं. दुरुस्ती १९९०मध्ये सुरू झाली, २००१मध्ये संपली. खर्च सुमारे एक कोटी पाउंड. १९९२मध्ये मूळ नाव परत मिळालं. डेक, डोलकाठ्या, दोरखंड पुष्कळ नवे आहेत. पण निम्म्याहून अधिक लाकूड अजूनही मूळचंच आहे, विशेषतः पाण्याखालच्या भागातलं. ब्रिटनमध्ये आज तरंगत असलेलं हे सर्वांत जुनं युद्धनौकेचं धूड मुंबईच्या कारागिरांच्या हातचं आहे, आणि मुंबईतल्या शाळकरी मुलाला ते क्वचितच ठाऊक असतं. याचा मला राग येतो.

त्याहून मोठा राग ‘विक्रांत’चा. १९७१च्या युद्धात गाजलेली ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४मध्ये तिचा लिलाव झाला आणि दारूखान्यात ती तोडली गेली. मग २०२०मध्ये ‘विराट’ ही विमानवाहू नौकाही तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली. पोलादी जहाज जपणं महाग असतं, हे खरं. पण हार्टलपूल हे लाखभर वस्तीचंही गाव नाही. तिथले जहाजबांधणीचे कारखाने १९६०च्या दशकातच बंद पडले होते, आणि ‘त्रिंकोमाली’च्या दुरुस्तीचं काम सुरू झालं तेव्हा गावात बेकारी होती. त्याच गावातल्या माणसांनी दहा-अकरा वर्षं खपून हे जहाज उभं केलं. मुंबईची गोदी तर आजही चालू आहे.